पाव सूत

आमच्या माळ्यावर आबांची हत्यारांची पेटी आहे. सागवानी, दीड हात लांब, बिजागरी गंजलेल्या. पण चारही कोपऱ्यांत शोधून एक खिळा सापडायचा नाही. पारव्याने शेपूट पसरावी तशा जिभा एका फळीच्या टोकाला काढलेल्या, आणि दुसऱ्या फळीत त्यांच्याच मापाच्या खाचा. जीभ खाचेत बसली की कितीही ओढा, ती ज्या वाटेने शिरली त्याच वाटेने निघणार. कारखान्यात आणि आयटीआयत याला डव्हटेल म्हणतात. आबा नुसतं 'पेटीचा सांधा' म्हणायचे.

आबा म्हणजे माझे आजोबा. फुलंब्रीकडच्या आमच्या गावचे सुतार. औत, तिफण, वखर, बैलगाडीची चाकं ही त्यांची कामं. सुगीला खळ्यावरून बलुतं यायचं. पेटी त्यांनी स्वतःसाठी केली, पोलीस अ‍ॅक्शनच्या आदल्या वर्षी. म्हणजे 1947 साली, देश स्वतंत्र झाला आणि आमच्याकडे अजून निजामाचा अंमल होता, तेव्हा.

आबा सुतात बोलायचे. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. 'दोन सूत काढ', 'अर्धं सूत राहू दे.' त्याखालचं त्यांचं शेवटचं माप पाव सूत, आणि ते मोजायला पट्टी लागत नसे. दोन फळ्या जुळल्या की कडेवरून अंगठा फिरवायचा. अंगठा अडला की म्हणायचे, 'पाव सूत वर आहे रे,' आणि रंधा उचलायचे. मी डोळे ताणून बघायचो, मला काही दिसत नसे.

चौथीत असताना त्यांनी मला वेरूळ दाखवलं. कैलास लेणं पाहायला अख्खी दुनिया येते; आबा मला आधी 10 नंबरच्या लेण्यात घेऊन गेले. सातव्या शतकाच्या सुमाराचं ते चैत्यगृह. स्तूपासमोर बसलेली मूर्ती बुद्धाची, पण आमच्याकडच्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या तिला विश्वकर्मा मानून हात जोडले. लोक त्या लेण्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात. आबांनी नमस्कार केला आणि मग बराच वेळ मान वर करून छताकडे बघत राहिले. कमानीदार वासे एकामागून एक कोरलेले. त्यांच्यावर कसला भार नाही. डोंगर स्वतःलाच पेलतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात असेच वासे खऱ्या लाकडाचे आहेत आणि अजून जागेवर आहेत. वेरूळला पोचेपर्यंत लाकूड गेलं होतं, सुताराची रीत तेवढी दगडात राहिली होती. आबा एवढंच म्हणाले, 'सुताराचं काम बघून केलंय यानं.'

1972 च्या दुष्काळात गावातली जनावरं गेली. बैलच नाहीत तर गाड्या कुणाला हव्यात? बलुतं आटलं, वडील एसटीत लागले आणि आबांची हत्यारं पेटीत गेली. मी आयटीआय केलं. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारी शेडं उभी राहिली. त्यातल्या एका शेडच्या टूलरूममध्ये मी चिकटलो.

पहिल्याच आठवड्यात लेथची क्रॉस स्लाइड खोललेली होती. खाली बघतो तर आबांच्या पेटीतला पारवा, ओतीव लोखंडात. स्लाइड मागेपुढे सरकावी पण वर उचलली जाऊ नये, म्हणून तिथे तोच आकार. झिजून ढिली झाली की गिबची पट्टी आवळायची. माप घ्यायचं तर दोन्ही कोपऱ्यांत एकसारखे रोलर ठेवायचे आणि रोलरवरून मायक्रोमीटर लावायचा. दहा मायक्रॉनला जॉब परत यायचा. एका सुतात 3175 मायक्रॉन बसतात. आबांचं सूत मला तेव्हा गाडीच्या चाकांपुरतं माप वाटायला लागलं. पुढची पस्तीसेक वर्षं मी इतरांसाठी जिग आणि फिक्स्चर बनवत राहिलो. ऑपरेटरने विचार न करता भाग बसवावा आणि प्रत्येक भोक त्याच जागी पडावं, यासाठीच तर जिग असते.

निवृत्त झालो त्या दिवाळीत मुलीने अमेरिकेहून एक जिग आणली. इन्क्रा तिचं नाव. सिडकोतल्या घरामागच्या शेडमध्ये मी प्लायचं टेबल केलं, त्याखाली राउटर उलटा टांगला, वर जिग बसवली. राउटरचं बिट टेबलातून वर डोकावतं आणि मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेतं. फळी हाताने त्याच्यावरून न्यायची. फळीची कड ज्या आडव्या कुंपणाला टेकते ते कुंपण जिग पुढेमागे सरकवते. आत दोन दातेरी पट्ट्या एकमेकींत अडकतात, इंचाला 32 दात. कळ सोडायची, कुंपण सरकवायचं, कळ दाबायची. पट्ट्या नेमक्या दातावरच बसतात. कोणत्या दातावर थांबायचं ते सांगणारी छापील पट्टी वरच्या खाचेत सरकवलेली असते. जिभांसाठी फळी उभी धरायची, खाचांसाठी आडवी झोपवायची. बिट एकच, अर्ध्या इंचाचं, 14 अंश उताराचं.

इंचाला 32 दात. हिशेब केला आणि हसूच आलं. एक दात म्हणजे पाव सूत.

खणाच्या चार फळ्या पहिल्याच दिवशी कापून काढल्या. आबांना करवत आणि पटाशीने ज्याला दोन दिवस लागले असते, ते दुपारच्या चहाआधी झालं. सांधे हाताने दाबताच बसले. मग सवय म्हणून कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. दोन कोपरे सपाट, दोन कोपऱ्यांत अंगठा अडला. व्हर्निअर लावला, 0.79 मिलिमीटर. बरोबर एक दात.

जिग चुकली नव्हती. जिग सरकते ती मी दिलेल्या पहिल्या जागेपासून. सुरुवातीला बिट फळीच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर आणावं लागतं, आणि तिथे मी अर्ध्या दाताने चुकलो होतो. खणाची पुढची फळी आतली बाजू खाली ठेवून कापतात. तिचं डावं टोक कापताना वरची कड कुंपणाला लागली असेल, तर उजवं टोक कापताना खालची लागते. मी मात्र बाजूच्या फळ्या दर वेळी वरची कड टेकवूनच कापल्या होत्या. दोन कोपऱ्यांत चुकीची चुकीशी गाठ पडली आणि ती झाकली गेली. उरलेल्या दोघांत अर्ध्याचा एक दात झाला. जिगने माझी चूक इमानेइतबारे सगळीकडे पोचवली. पस्तीसेक वर्षं मी हेच ऑपरेटरांना सांगत आलो होतो.

मध्य शोधायची आबांची रीत तेव्हा आठवली. त्यांच्याकडे एक काडी असायची. ती एका कडेपासून टेकवून रेघ मारायची, मग दुसऱ्या कडेपासून तीच काडी, दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधे मध्य. 'दोन्हीकडून विचारायचं,' असं ते म्हणत. राउटरवर तेच करून पाहिलं. टाकाऊ फळी बिटावरून एकदा न्यायची, मग दुसरी कड कुंपणाला टेकवून परत तिथूनच न्यायची. दुसऱ्या खेपेला नवा भुसा पडला तर मध्य चुकला. कुंपण केसभर सरकवायचं आणि पुन्हा. भुसा पडायचा थांबला की जिगच्या स्वाधीन व्हायचं.

पुढचं राउटरने शिकवलं. सांधा ढिला झाला तर बिट किंचित वर, घट्ट झाला तर किंचित खाली. फळीमागे टाकाऊ तुकडा धरला नाही तर बिट बाहेर पडताना कड फाटते. साग बिटाची धार लवकर खातो. आणि लोखंडासारखं लाकूड एका मापावर राहत नाही: वैशाखात इथल्या कोरड्या हवेत सहज सरकणारा खण श्रावणात ओढताना कुरकुरतो. आबा खणाला वरून थोडी जागा सोडत, ती का, हे मला साठीत कळलं.

मग एकदा माळ्यावरून पेटी खाली आणली आणि तिच्या जिभा मोजल्या. एकही दुसरीसारखी नाही. काही पाच सूत, काही सहा, उतारही कमीजास्त. टूलरूममध्ये असा जॉब मी स्वतः भंगारात टाकला असता. पण चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, तो कुठेच अडला नाही. आबांनी जिभा आधी कापल्या आणि प्रत्येक जिभेवरूनच तिच्या खाचेची खूण केली. म्हणून एकसारख्या जिभांची त्यांना कधी गरजच पडली नाही.

आता मी खण बरे करतो. जिभा सगळ्या एका मापाच्या असतात, कोपरे सपाट असतात. पहिला खण शेडमध्येच आहे, जिगच्या छापील पट्ट्या मी त्यात ठेवतो. त्याच्या दोन कोपऱ्यांत फळी अजून पाव सूत वर आहे. रंध्याचे चार हात मारले तर जाईल, मी मारलेले नाहीत.