प्रोपेलरच्या गावात एक वीकएंड

‘शनिवारी मॉल-बिल काही नाही. सकाळी सातला हँगरवर जायचंय, पंखा निवडायला!’ दादाने फोनवर बजावलं. मला वाटलं, घरात सीलिंग फॅन बसवतोय. आता सीलिंग फॅनसाठी हँगरवर कशाला जायचं, हे विचारेपर्यंत फोन बंद.

तर झालं असं की, गेल्या सप्टेंबरात ऑफिसने मला सहा आठवड्यांसाठी ओहायोतल्या कोलंबसला पाठवलं होतं. सोमवार ते शुक्रवार तेच ते : क्युबिकल, कॉन्फरन्स कॉल, हॉटेल, मायक्रोवेव्हमधलं जेवण. माझा मावसभाऊ डेटनला राहतो, गाडीने सव्वा तासावर. त्यामुळे वीकएंडला वहिनीच्या हातचं वरण-भात ठरलेलंच. फक्त एक गोष्ट मला माहीत नव्हती. दादाकडे विमान आहे. म्हणजे, पाव विमान!

चौघा मित्रांनी मिळून घेतलेलं हे चार सीटचं सेसना १७२. १९७५ सालचं. आपल्याकडे सोसायटीत बोअरवेलचा खर्च वाटून घेतात, तसा हे चौघं हँगरचं भाडं, विमा आणि दुरुस्ती वाटून घेतात. सेसना १७२ म्हणजे विमानांमधली स्प्लेंडर म्हणा ना! १९५६ पासून आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. जगात दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही.

आणि या विमानाचा प्रोपेलर बाद झाला होता.

कानशीने खाल्लेलं पातं

हँगरमध्ये गेले तर विमान नाकाविना उभं. प्रोपेलर बाजूच्या टेबलावर, चांगला दणदणीत दिसत होता. ‘याला काय झालंय?’ मी विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या मेकॅनिकने माझं बोट धरून पात्याच्या कडेवरून फिरवलं. कुठे खरबरीत, कुठे किंचित खोलगट.

रनवेवरचा खडा उडून पात्याला टवका पडतो. तो तसाच ठेवायचा नाही, कारण ॲल्युमिनियमला तडा जायला सुरुवात तिथूनच होते. म्हणून दर वेळी कानशीने घासून ती जागा गुळगुळीत करायची. पण घासता घासता पातं अरुंद होत जातं. त्याची किमान रुंदी आणि जाडी ठरलेली असते. वर्कशॉपने मोजलं आणि सांगितलं, संपलं.

‘थोडंसं कमी असलं तर काय बिघडतं?’ असं माझ्यातल्या पुणेकराने विचारलंच. मग दादाने गणित मांडलं. ७५ इंच व्यासाचा पंखा मिनिटाला २,७०० फेरे मारतो, तेव्हा टोकाचा वेग ताशी जवळजवळ ९७० किलोमीटर होतो! विमान दोनशेने जातंय आणि त्याच्या पात्याचं टोक जेटच्या वेगाने. प्रत्येक पातं बाहेरच्या बाजूला कित्येक टनांच्या जोराने ओढलं जातं. त्यातून टोकाचा तुकडा जरी उडाला, तरी तोल जाऊन अख्खं इंजिन जागचं उखडू शकतं. मी गप्प बसले.

घाट की एक्स्प्रेसवे?

आता खरा प्रश्न. नवीन कोणता घ्यायचा? चौघं भागीदार, चार मतं!

त्याआधी एक छोटासा क्लास. प्रोपेलरला दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच. ७५-५३ म्हणजे व्यास ७५ इंच आणि पिच ५३ इंच. हवा लाकडासारखी घट्ट असती आणि प्रोपेलर स्क्रूसारखा तिच्यात घुसला असता, तर एका फेऱ्यात ५३ इंच पुढे गेला असता. हवा अर्थातच तशी नाही, पण कल्पना आली ना?

पिच कमी म्हणजे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. खंबाटकी घाट मस्त चढेल, पण सपाटीवर इंजिन नुसतं ओरडेल. पिच जास्त म्हणजे पाचवा गिअर. एक्स्प्रेसवेवर मजा, पण चढाला जीव जातो. आणि साध्या, फिक्स पिचच्या प्रोपेलरला गिअर बदलताच येत नाही. एकदा निवडला की टेकऑफपासून उतरेपर्यंत तोच. उडताना पिच बदलणारे प्रोपेलर असतात, पण दादाच्या विमानाला ती सोय नाही.

एका भागीदाराला हवा होता तीन पात्यांचा. का? ‘दिसतो भारी!’ मेकॅनिक म्हणाला, दिसतो खरा, शिवाय थरथर कमी होते. पण या छोट्या इंजिनाला तिसऱ्या पात्याने वेग मिळेलच असं नाही, आणि या मॉडेलसाठी मंजुरीचे वेगळे कागद लागतील. दुसऱ्याने नेटवर सेकंडहँड शोधला होता, निम्म्या किमतीत. फोटोत चकाचक! पण विकणाऱ्याकडे वर्कशॉपचा टॅग नव्हता, आधीच्या तासांची नोंद नव्हती. कागद नसलेला प्रोपेलर म्हणजे भिंतीवर लावायचं शोपीस, असं म्हणून मेकॅनिकने विषय संपवला. तिसरा म्हणाला, सगळे म्हणतील ते.

उरला दादा. त्याला हवा होता जास्त पिचचा, म्हणजे वेगवाला. कारण जुन्या प्रोपेलरवर मूळ आकडा खोडून मोठा आकडा ठोकलेला होता. आधीच्या मालकाने वर्कशॉपकडून पिच वाढवून घेतलं होतं, आणि दादाला त्या वेगाची सवय झाली होती. शिवाय त्याचं एक स्वप्न आहे. डेटनहून थेट नॉर्थ कॅरोलिनाचा समुद्रकिनारा, किल डेव्हिल हिल्स. राइट बंधू जिथे पहिल्यांदा उडाले, तिथे स्वतःचं विमान उतरवायचं.

वहिनी मात्र एक शब्द बोलली नाही. गाडीत बसताना मला हळूच म्हणाली, ‘जुलैपासून मी त्या विमानात बसलेली नाही.’

भांडण शंभर वर्षांपूर्वीचं

दुपारी डोकं शांत करायला आम्ही डेटनच्या कॅरिलन पार्कमध्ये गेलो. तिथे राइट बंधूंचं १९०५ सालचं विमान आहे, अगदी खरंखुरं. मागच्या बाजूला दोन लाकडी प्रोपेलर. सायकलीसारख्या साखळ्यांनी फिरणारे! सायकलवाल्यांनीच बनवलंय म्हटल्यावर दुसरं काय असणार?

दोघा भावांना वाटलं होतं, प्रोपेलर हा सोपा भाग. जहाजांचे इतके प्रोपेलर आहेत, पुस्तकातून सूत्र उचलायचं. पण पुस्तकांत सूत्रच नव्हतं. मग त्यांनी ओळखलं की प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंख. बुंध्याशी वेग कमी, टोकाशी जास्त, म्हणून त्याला पीळ हवा. यावर दोघं इतकं भांडायचे, की शेवटी ऑरविल विल्बरचं मत मांडायचा आणि विल्बर ऑरविलचं. एकमत तरीही नाही! त्या भांडणातून निघालेले १९०३ चे प्रोपेलर इंजिनाच्या ताकदीपैकी सुमारे पाऊण भाग कामी लावायचे. आजच्या इंजिनिअरांनाही याचं कौतुक वाटतं.

आणि पार्ट बदलण्याची कटकट त्यांनाही चुकली नव्हती बरं का. नोव्हेंबर १९०३ मध्ये, उड्डाण तोंडावर असताना, प्रोपेलरच्या पोकळ शाफ्टला तडा गेला. कामचलाऊ जोडकाम न करता ऑरविल समुद्रकिनाऱ्यावरून डेटनला आला, भरीव पोलादाचे शाफ्ट बनवून घेतले आणि ११ डिसेंबरला परत पोहोचला. १७ डिसेंबरला विमान उडालं. १२ सेकंद, १२० फूट.

ही गोष्ट दादानेच सांगितली, मोठ्या रंगात. वहिनी ऐकत होती. मग म्हणाली, ‘अहो, त्यांना बारा सेकंद उडायचं होतं, तर त्यांनी बारा सेकंदांचा पंखा बनवला. तुम्हाला कुठे जायचंय? घरी गेल्यावर लॉगबुक काढा बघू.’

लॉगबुक खोटं बोलत नाही

डायनिंग टेबलवर लॉगबुक उघडलं. वर्षभरातल्या दादाच्या नोंदी : रविवारची अर्ध्या तासाची चक्कर. शेजारच्या गावी नाश्ता. सरावाची लँडिंग. सर्वांत लांबची फेरी सिनसिनाटी, म्हणजे गाडीने तासाभराचं अंतर!

आणि एक नोंद जुलैची. दोघं, मुलगी आणि वहिनीचे वडील. वजन मर्यादेतच, पण अगदी काठावर. भर दुपारी छोट्या रनवेवरून निघाले. गरम हवा विरळ असते, त्यात पंखही कमी पेलतात आणि इंजिनही कमी ओढतं. वर पाचव्या गिअरचा प्रोपेलर. रनवेच्या टोकाची झाडं वहिनीला खिडकीतून नको इतकी जवळून दिसली. ‘बाबा हसत होते, त्यांना कळलंच नाही. मला कळलं,’ ती म्हणाली. लॉगबुकात मात्र एवढंच : ०.६ तास.

मी मोबाइलवर हिशेब केला. किल डेव्हिल हिल्स हवाईमार्गे सुमारे ८५० किलोमीटर. जास्त पिचमुळे ताशी २०५ ऐवजी २१५ मिळाले असं धरलं, तरी वाचणार जेमतेम बारा मिनिटं. कधीतरी जायच्या एका ट्रिपमध्ये. आणि त्या बारा मिनिटांची किंमत प्रत्येक रविवारी, प्रत्येक टेकऑफला मोजायची?

दादा बराच वेळ त्या जुलैच्या ओळीकडे बघत बसला. मग त्याने मित्रांना मेसेज टाकला : नवीन, मूळ पिचचा, ७५-५३.

आपण तरी वेगळं काय करतो हो? वर्षातून एकदा होणाऱ्या लडाख ट्रिपच्या स्वप्नासाठी बाइक घेतो आणि रोज तिच्यावर बसून सिग्नलला घाम गाळतो!

रविवारची चक्कर

तीन आठवड्यांनी खोका आला. सहा बोल्ट, ते ठरलेल्या जोरानेच आवळायचे, मग तारेने बांधायचे. ब्रेक दाबून जागच्या जागी फुल थ्रॉटल देऊन आरपीएम पुस्तकातल्या मर्यादेत आहेत का, हे पाहिलं. होते. मेकॅनिकने सही केली.

वहिनी मागच्या सीटवर, माझ्या शेजारी. माझा हात तिने गच्च धरलेला. रनवे संपायच्या बराच आधी चाकं सुटली आणि झाडं खाली गेली, चांगली खाली. ‘आज हवाही थंड आहे, सगळं श्रेय पंख्याला देऊ नका,’ दादा हेडफोनवर प्रामाणिकपणे म्हणाला. वर गेल्यावर वेग पूर्वीपेक्षा थोडा कमी दिसत होता. त्याने पाहिलं, पण बोलला नाही.

खाली मक्याची पिवळी शेतं. वहिनीने हात सोडला आणि हेडफोनचा माईक ओढून म्हणाली, ‘पुढच्या वर्षी समुद्रावर जाऊ या. वाटेत एकदा उतरून चहा घ्यायचा, मग बारा मिनिटांनी काय फरक पडतो?’

जाणार असाल तर…

कसं जाल : कोलंबसहून डेटन गाडीने साधारण सव्वा तास. गाडी हवीच.

काय बघाल : कॅरिलन पार्कमध्ये १९०५ चं राइट विमान (तिकीट आहे). अमेरिकन हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय, प्रवेश मोफत, पण अख्खा दिवस ठेवा! हफमन प्रेरी हे साधं गवताचं मैदान, जिथे ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर सलग ३९ मिनिटं उडाला.

थोडं पुढे : उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर पिक्वा. इथे हार्टझेल ही प्रोपेलर कंपनी आहे. १९१७ साली ऑरविल राइटच्या सुचवण्यावरून, घरच्या अक्रोडाच्या लाकडापासून सुरुवात झाली, असं तिचा इतिहास सांगतो. मकॉली ही दुसरी मोठी कंपनीही १९३८ साली डेटनमध्येच जन्मली. पंख्याचं गाव उगाच नाही म्हटलं!

कधी जाल : सप्टेंबर-ऑक्टोबर. हवा थंड, झाडं रंगीत. आणि टेकऑफही सोपा!