उत्तर लिहायचे, सांगायचे की काढून दाखवायचे?

सीमाभागातील मराठी शाळांविषयी आपण बोलतो तेव्हा माध्यम, पटसंख्या आणि शिक्षकांच्या रिक्त जागा यांपलीकडे सहसा जात नाही. मुलाला जे उमगले आहे ते त्याने कोणत्या रीतीने दाखवावे, हा प्रश्न त्या चर्चेत येतच नाही. वास्तविक तोही भाषेचाच प्रश्न आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम २९ मधील मातृभाषेतून शिक्षणाचा उपखंड आपल्या प्रत्येक निवेदनात असतो. त्याच्या लगेच पुढचे दोन उपखंड मात्र आपण वाचतही नाही. एकात मुलाला भयमुक्त ठेवून त्याचे म्हणणे मोकळेपणाने मांडू देण्याविषयी सांगितले आहे. दुसऱ्यात त्याची समज आणि ती समज वापरण्याची क्षमता यांचे सर्वंकष, सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगितले आहे. समजेचे मूल्यमापन, हस्ताक्षराचे किंवा क्रियापदाच्या रूपांचे नव्हे.

काही वर्षांपासून मी खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या मुलांना रविवारी भूगोल आणि विज्ञान शिकवतो. ही मुले घरी बोलतात ती मराठी पुस्तकातली नाही. ‘काय करूलालास?’ असे विचारणारे मूल उत्तरपत्रिकेत ‘करीत आहेस’ असे लिहिते, तेव्हा ते मनातल्या मनात एक भाषांतरच करीत असते. मुलींच्या तोंडी ‘मी आलो’, ‘मी गेलो’ हीच रूपे असतात. कोल्हापूरकडेही ती ऐकू येतात. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही, त्याचा हा शेजारधर्म असावा असे मला वाटते. प्रयोगाच्या वर्णनात अशा रूपाखाली लाल रेघ पडली की पुढच्या वेळी ती मुलगी दोनच ओळी लिहिते. दोन ओळींत चुका कमी होतात, एवढा हिशेब तिला कळतो.

जलविभाजक हा पाठ घेताना मी पर्याय देऊन पाहिला. विषय मुलांच्या अंगणातलाच होता. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेकडे जाते, कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. म्हादई याच तालुक्यात उगम पावून पश्चिमेला गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. असे का, हे लिहून सांगा, तोंडी सांगा, नकाशा काढा किंवा अंगणातल्या मातीत उतार करून पाणी ओतून दाखवा, असे मी म्हटले. रीत कोणतीही असो, तपासायचे मुद्दे तेच: उंचीचा संबंध, पाण्याच्या दोन दिशा आणि दोन समुद्र. हे मुद्दे आधीच फळ्यावर लिहिले होते. त्यावाचून पर्याय म्हणजे नुसती मौज होते.

चाचणीत या प्रश्नाला एकच ओळ लिहिणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘घराचं आढं असतंय की, तसंच. आढ्याच्या अल्याड पडलेला पाऊस पुढच्या अंगणात, पल्याडचा परसात.’ पाठ्यपुस्तकातील व्याख्येहून मला हे उत्तर सरस वाटले. एका अबोल मुलीने मात्र लेखनच निवडले आणि पानभर लिहिले. चारचौघांत बोलणे तिला शिक्षाच वाटली असती. पर्याय केवळ ‘कच्च्या’ मुलांसाठी असतो हा समज म्हणूनच मला मान्य नाही. बोलघेवड्यांनी तोंडी परीक्षा सोपी समजून घेतली होती. दोन उपप्रश्नांतच ते गप्प झाले.

‘परीक्षा’ या शब्दात ‘परि’ आणि ‘ईक्ष्’ आहेत, म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे. आपण पाहतो एकाच बाजूने.

मर्यादा आहेच. ज्या विषयात लेखन हेच शिकायचे आहे, तिथे लेखनाला पर्याय नाही. मराठीच्या तासाला निबंधाऐवजी चित्र चालवून घेणे ही दया नव्हे, नुकसान आहे. आपल्या मुलांना तर कन्नडही नीट लिहिता आली पाहिजे. पण भूगोलाच्या प्रत्येक उत्तरात प्रमाण मराठीचीही परीक्षा घेणे हा निराळाच प्रकार झाला.

कर्नाटकाच्या दहावीत प्रथम भाषेला १२५ पैकी २५ आणि इतर विषयांना १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते शाळेच्या हातात असतात. तिथे काय होते? दुकानातून आणलेला तक्ता, इंटरनेटवरून उतरवलेला प्रकल्प आणि सगळ्यांना जवळपास सारखेच गुण. परवानगी कुणाकडे मागावी न लागणारी ही जागा आपणच वाया घालवतो.

पालक विचारतात, ‘सर, दहावीला तोंडी उत्तर चालणार आहे काय?’ नाही चालणार. म्हणून तोंडी आलेले उत्तर मी पुढच्या रविवारी लिहून घेतो. आढ्याचे उत्तर अकरा ओळींचे झाले. त्यात ‘अल्याड’ होते, ‘पल्याड’ होते, एक ऱ्हस्व-दीर्घाची चूकही होती; ती मी समासात पेन्सिलीने दाखवली आणि गुण पूर्ण दिले.