तोडु

माझ्या कोपराच्या खोबणीत इसब पहिल्यांदा फुललं तेव्हा मी सात वर्षांची होते. त्याच दिवशी माझ्या ताटातलं दही गेलं. वांगं बंद, आंबट बंद, दही तर सक्त बंद. आजीचा हुकूम. तिच्या पाठीशी थेट चरक होता: रात्रीचं दही वर्ज्य, आणि भलत्या रीतीने खाल्लं तर होणाऱ्या व्याधींत कुष्ठही, म्हणजे त्वचेचे विकारही, मोजलेले.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत हे पथ्य म्हणजे शिक्षाच. आमच्या वाड्यात पेरुगन्नम, म्हणजे दहीभात, झाल्याशिवाय कुणाचं जेवण संपत नसे. त्यातून विरजण मोडलं की वाटी घेऊन शेजारच्या अम्मम्मांकडे मलाच पिटाळत. जे खायचं नाही ते आणायचं मात्र मी! त्या विरजणाला ‘तोडु’ म्हणत. तेलुगूत तोडु म्हणजे सोबतसुद्धा. माझी सोबत इसबाची. त्यागराय गानसभेत मैफल ऐकतानाही मी हात मांड्यांखाली दाबून बसे, खाजवू नये म्हणून.

पस्तिशीत औषधांच्या दुकानदाराने प्रोबायोटिकच्या कॅप्सूल पुढे केल्या. ज्या जिवाणूंपायी माझी वाटी गेली, त्यांचेच भाऊबंद आता डॉक्टर होऊन आले होते. प्रोबायोटिकचा हा बोलबाला वाढवला फिनलंडने. 2001 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या तिथल्या प्रयोगात गरोदर आयांना आणि पुढे बाळांना लॅक्टोबॅसिलस जीजी हा जिवाणू दिला. दोन वर्षांची होईतो त्या 64 मुलांपैकी 15 जणांना इसब झालं. नुसती भुकटी मिळालेल्या 68 पैकी 31 जणांना. पण तो वाण माणसाच्या आतड्यातून वेगळा काढलेला, अम्मम्मांच्या वाटीतला नव्हे. शिवाय ती गोष्ट इसब होण्याआधीची. झालेल्या इसबाचं काय? 2018 साली वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 39 चाचण्या एकत्र तपासल्या, सुमारे 2600 रुग्णांच्या. लक्षणांत फरक पडला तर नगण्यच.

तरी मी त्या कॅप्सूल तीन महिने गिळल्या. संक्रांतीची कोरडी हवा सुटताच कोपर पुन्हा लाल. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चोपडलेल्या साध्या मलमाने जास्त आराम पडला.

शेवटच्या वर्षी आजीची भूक पार गेली. दहीभाताखेरीज काही उतरेना. रात्रीसुद्धा तेच मागायची. मी कालवून भरवायचे. चरकाचं नाव काढलं नाही.