छातीतली नळी

मैत्रिणींनो, घरातल्या लेकीसुनांचा खोकला आपण किती सहज घेतो! हळद-दूध, अडुळशाचा काढा, छातीला ओव्याचं तेल... आणि वर "होईल बरं" म्हणून मोकळ्या! मीही त्यातलीच. म्हणून आज थोडं मन मोकळं करते.

माझ्या धाकट्या वन्सं लातूरला सासूबाईंजवळ असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाची बोलणी चालू असतानाच संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीत कळ. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. म्हणाले, "फुप्फुसाभोवती पाणी झालंय. सुईनं काढून तपासू. क्षयाचं असलं तरी गोळ्यांनी बरं होतं."

क्षयाचं नाव ऐकलं आणि सासूबाई लेकीला घेऊन घरी परतल्या. मला फोनवर म्हणाल्या, "अगं, कुठं बोलू नकोस. स्थळ मोडेल." आणि मी, बी. ए. झालेली, शाळेत मुलांना आरोग्याचा धडा शिकवणारी, गप्प बसले!

सासूबाईंची भीती उगाच नव्हती. त्यांचे एक चुलते मिरजेजवळ वानलेसवाडीच्या क्षयरोग आरोग्यधामात होते. क्षयावर औषधं नव्हती त्या काळी रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून बरगड्या काढून ते दाबून ठेवत. चुलते वाचले, पण खांदा कायमचा झुकला. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पुढे आणखी औषधं आली आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. पण घरातल्या आठवणी कुठे मागे पडतात?

दोन महिन्यांनी वन्सं एस.टी.नं अहमदपूर, लोहा करत नांदेडला आमच्याकडे आल्या, त्या जिन्याच्या चार पायऱ्याही चढू शकेनात. ह्यांनी तडक विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात नेलं. पाण्याचा पू झाला होता. आता सुईनं भागणार नव्हतं. जागा बधिर करून दोन बरगड्यांमधून नळी घातली आणि ती पाण्याच्या बाटलीत सोडली. पू बाहेर येतो, पण पाण्यामुळे बाहेरची हवा छातीत शिरत नाही, अशी ती युक्ती. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं. मी रात्रभर त्या पाण्याकडेच बघत बसायची. बाटली छातीच्या पातळीवर उचलायची नाही, नळीला पीळ पडू द्यायचा नाही, एवढं सिस्टरांनी बजावलं होतं.

तरी फुप्फुस पुरतं फुलेना. पू जुना झाल्यानं त्यावर चिवट, जाड थर धरला होता. शेवटी छाती उघडून तो थर सोलून काढावा लागला. कुठेकुठे हे काम दुर्बिणीतूनही होतं, पण फार उशीर झाला की छाती उघडणं भाग पडतं. म्हणजे बघा, पहिल्या आठवड्यात जे सुईवर भागलं असतं, त्यासाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया! आणि क्षयाच्या गोळ्या घ्याव्या लागल्याच. त्या सुटल्या नाहीत.

घरी आल्यावर खरं काम माझं होतं. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. दिवसातून अनेकदा नळीत श्वास ओढून तीन रंगीत चेंडू वर उचलायचे. वन्सं रडायच्या, मी दटावायची. तिसरा चेंडू वर गेला त्या दिवशी मी शिरा केला.

ते स्थळ गेलं. जाऊ दे. आता नवीन पाहुणे आले की सासूबाई स्वतःच पहिल्या बैठकीत सगळं सांगतात.

मैत्रिणींनो, खोकला किंवा ताप दोन आठवड्यांवर गेला, छातीत कळ येऊ लागली, दम लागू लागला, तर काढा बाजूला ठेवा आणि एक्स-रे काढून घ्या. दम फारच लागत असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. नोव्हेंबर 2024 पासून आहारासाठी महिन्याला हजार रुपयेही रुग्णाच्या खात्यात जमा करायची योजना आहे. शस्त्रक्रिया करायची झाली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल जरूर विचारा.

आणि सुईला भिऊ नका. मला विचाराल तर भ्यावं ते "कुठं बोलू नकोस" या शब्दांना.