पापाविषयीं बोलतांना

मराठीचें व्याकरण शिकवितांना आम्हांस एका गोष्टीचें नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. प्रथमपुरुषाचें अनेकवचन इंग्रजी भाषा एका शब्दांत भागविते. आपल्या भाषेस तेथें दोन लागतात. 'आम्ही' म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलें कीं तो आंत येतो. वर्गांतील मुलांस हा भेद चटकन् उमगतो, कारण 'आम्ही जेवावयास जातों' आणि 'आपण जेवावयास जाऊं' यांतलें अंतर पोटास कळतें. परंतु हाच भेद धर्माच्या गोष्टींत, विशेषतः पाप या शब्दाजवळ, केवढा महत्त्वाचा होऊन बसतो, याचा विचार करावयास आम्हांस एका पालकांनीं लाविलें.

हे गृहस्थ एके दिवशीं सकाळची प्रार्थना आटोपल्यावर शिक्षकांच्या खोलीशीं येऊन उभे राहिले. त्याच आठवड्यांत बाहेरगांवच्या एका पाहुण्यांचें मुलांपुढें भाषण झालें होतें. गृहस्थ नम्रपणें म्हणाले, "सर, राग मानूं नका. आमचा मुलगा घरीं येऊन आजीला विचारतो, 'आजी, तूं पापी आहेस का?' माझी आई पहाटे चारला उठते, दारीं आलेल्याला उपाशी धाडीत नाहीं. तिला मीं काय सांगावें?"

आम्ही म्हणालों, "आईंना सांगा, त्या शब्दांत शाळेंतले सरही बसतात, आणि आधीं बसतात."

ते किंचित् हंसले. मग म्हणाले, "असें त्या पाहुण्यांनीं कां नाहीं म्हटलें?"

प्रश्न बिनतोड होता, आणि त्याचें उत्तर दारांत उभ्या उभ्या देण्याजोगें नव्हतें. तें येथें देण्याचा यत्न करितों.

त्या वक्त्यांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यानें आपणांस जीवन मिळालें तें दुसऱ्यास सांगावें, ही तळमळ खरी असते. पण त्यांच्या भाषणांत आरंभापासून शेवटपर्यंत सर्वनाम होतें तें 'तुम्ही'. व्यासपीठ उंच, मुलें जमिनीवर बसलेलीं, आणि पाप हा शब्द वरून खालीं येणारा! वास्तविक आपल्या लोकांस हा शब्द परका नाहीं. एखाद्यास पापभीरु म्हणणें ही आपल्याकडे स्तुति आहे. तुकोबांनीं स्वतःस पतित म्हणवून घेतलें, आणि पंढरीच्या देवाचें पतितपावन हें नांव वारकऱ्यांच्या तोंडीं शतकानुशतकें आहे. त्यानें कोणाचें मन दुखावल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. कारण उघड आहे. तुकोबा तो शब्द आधीं आपल्या अंगावर घेतात. दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ आणि आपल्या डोळ्यांतलें मुसळ ही जोडी तर आपल्या म्हणींतही आहे आणि मराठी शास्त्रांत येशूच्या मुखींही आहे.

आतां आजीबाईंच्या चार वाजतां उठण्याचें काय? पाप आणि पुण्य यांचा जमाखर्च मांडून शेवटीं बाकी काढावयाची, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे, आणि त्या वहींत पाहिलें तर आजीबाईंची बाजू आमच्यापेक्षां कितीतरी भरभक्कम निघेल. पण नव्या करारांत जो मूळ ग्रीक शब्द आहे, हामार्तिया, तो नेम चुकणें या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. नेम चुकण्यासाठीं तिरंदाज दुष्ट असावा लागत नाहीं. चांगला, मेहनती, पहाटे उठून सराव करणारा तिरंदाजही चुकतो. देवाकडे लागावयाचें मन स्वतःकडेच वळतें, हें त्या शब्दाचें मूळ दुखणें. चोरी आणि लबाडी हीं त्याचीं फळें. म्हणून कोणास पापी म्हटल्यानें त्याचें चांगुलपण खोटें ठरत नाहीं. आजीबाईंनीं वाढलेलें अन्न अन्नच राहतें.

या अडचणीमुळें पुष्कळ सज्जन दुसरी वाट धरतात. तो शब्दच नको! शांति सांगावी, आशा सांगावी, प्रीति सांगावी. हे शब्द कोणास खुपत नाहींत, आणि सभा हंसतमुखानें घरीं जाते. आम्हांस हा मार्ग अधिक अप्रामाणिक वाटतो. कारण पापाचें नांव गाळलें म्हणजे क्रूस कशासाठीं होता हें सांगतां येत नाहीं. एक सज्जन मनुष्य फुकट मारला गेला, एवढीच गोष्ट उरते. क्षमा हा शब्दही मग पोकळ होतो. ज्यास कांहींच देणें नाहीं त्यास ऋणमुक्तीची वार्ता कशी गोड लागावी?

तिसरी वाट आमच्या ख्रिस्ती मंडळींत फार रूढ आहे. 'आपण सारेच पापी' असें एका दमांत म्हणून पुढें जावयाचें. वाक्य खरें आहे, परंतु तें इतकें गुळगुळीत झालें आहे कीं तें बोलतांना कोणाचीच झोंप मोडत नाहीं. सार्वजनिक नळाची चावी उघडी राहिली तर दोष सर्वांचा, म्हणजे कोणाचाच नाहीं, तसेंच हें. 'आपण' म्हणण्याचा अधिकार ज्यानें एकदां एकान्तांत 'मी' म्हटलें आहे त्यासच पोहोंचतो.

या बाबतींत आम्हांस पंडिता रमाबाईंचें उदाहरण पुनःपुन्हां आठवतें. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथील भगिनींनीं त्यांस लंडनच्या फुलहॅम भागांतील एक आश्रम दाखविला. समाजानें ज्यांस टाकिलें अशा स्त्रियांची सेवा तेथें इतर स्त्रिया प्रेमानें करीत होत्या. ही करुणा येते कोठून, असें रमाबाईंनीं विचारिलें, तेव्हां त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यांत आली. ती गोष्ट पाण्यापासून सुरू होते. यहूदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत. तरी थकलेला येशू विहिरीपाशीं बसून त्या बाईकडे पाणी मागतो. आपल्याकडे १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, हें ज्यास ठाऊक आहे त्यास या मागण्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. आधीं तिच्या हातचें पाणी, मग तिच्या पांच नवऱ्यांचा विषय. तो टाळलाही नाहीं, आणि पहिल्यानें काढलाही नाहीं. आणि ती बाई गांवांत धांवत गेली ती लाजेनें नव्हे. माझें सर्व जीवन ज्यानें ओळखलें तो मनुष्य येऊन पाहा, असें स्वतःच सांगत गेली.

रमाबाईंचा बाप्तिस्मा त्याच वर्षीं झाला. परंतु आपल्या इंग्रजी आत्मकथनांत त्यांनीं जें पुढें लिहिलें आहे तें आम्हांस अधिक विलक्षण वाटतें. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता, आणि आपण स्वतः क्षमेच्या गरजू पापी आहों. तोंवर शारदासदन स्थापन झालें होतें, नांव देशोदेशीं गेलें होतें. अशा विदुषीनें तो शब्द फुलहॅमच्या बायकांवर ठेविला नाहीं, स्वतःवर ठेविला. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत ज्या निराधार स्त्रिया आल्या, त्यांच्याशीं या विषयावर बोलण्याचें धैर्य त्यांस येथूनच आलें असावें असें आम्हांस वाटतें.

मात्र एका ठिकाणीं आम्हां ख्रिस्ती लोकांस 'आम्ही' हेंच सर्वनाम, ऐकणाऱ्यास बाहेर ठेवून, वापरलें पाहिजे. प्रभुभोजनाच्या मेजाशीं एकत्र येणारीं कुटुंबें सोयरीक जुळवितांना पूर्वजांची जात हळूच विचारतात. ही गोष्ट आमच्या शेजाऱ्यांस ठाऊक नाहीं असें कोणी समजूं नये. त्यांस ती चांगली ठाऊक असते, आणि आमचीं भाषणें ते ती लक्षांत ठेवूनच ऐकतात. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत (पहिला भाग १९३४) आपलें सोवळें किती चिवट होतें आणि तें कसें गळालें हें मोकळेपणानें सांगितलें आहे, आणि रेव्हरंड टिळकांचा तापट स्वभावही झांकून ठेविला नाहीं. ख्रिस्ती नसलेल्या घरांतही त्या पुस्तकास जी माया लाभली तिचें एक कारण हें असावें.

याचा अर्थ प्रत्येकानें उठून भर सभेंत, किंवा शाळेच्या वार्षिकांत, आपल्या दोषांची यादी छापावी असा नव्हे. कबुलीचाही एक डौल असतो, आणि तरुण मुलांस तो लौकर साधतो. ज्याचें नुकसान केलें त्याच्यापाशीं आणि देवापाशीं बोलावयाचें तें तेथेंच बोलावें. सोबत्याची वही फाडली असेल तर सोबत्याकडे जावें. मुख्याध्यापकांच्या टाळ्या मिळविण्यासाठीं व्यासपीठावर चढूं नये.

जक्कयाची गोष्ट आमच्या मुलांस फार आवडते, कारण तींत एक ठेंगणा श्रीमंत गृहस्थ झाडावर चढतो. मराठी शास्त्रांत तें झाड उंबराचें आहे, त्यामुळें तें यरीहोंत नसून आपल्याच ओढ्याकांठीं असावें असें त्यांस वाटतें. हा जकातदारांचा मुख्य. लोक त्याच्यावर दांत खाऊन असत. येशू झाडाखालीं थांबला, त्यास नांवानें हाक मारली, आणि आज तुझ्या घरीं उतरावयाचें आहे असें सांगितलें. त्या वेळीं पाप हा शब्द त्यानें उच्चारल्याचें लूकानें लिहिलेलें नाहीं. तो उच्चारला जमावानें, तृतीयपुरुषीं: हा पापी माणसाच्या घरीं पाहुणा गेला, अशी कुरकुर झाली. जक्कय मात्र उभा राहून प्रथमपुरुषीं, एकवचनीं बोलला. अर्धी मालमत्ता गरिबांस देतों, आणि कोणाचें अन्यायानें घेतलें असेल तें परत करितों, असें तो म्हणाला. किती, हें त्यास कोणी विचारिलें नव्हतें. चौपट, हा आकडा त्याचा त्यानेंच सांगितला.