गोडे पाणी

मुलांनो, घाट चढताना रस्त्याच्या कडेला उभी असलेली एखादी गाडी तुम्ही पाहिली असेल. तिचे बॉनेट उघडे असते. आतून वाफ निघत असते. ड्रायव्हर रिकामी बाटली हातात घेऊन उभा असतो. आपण म्हणतो, "गाडी तापली वाटते," आणि पुढे निघून जातो. मला मात्र अशी गाडी दिसली की दिवसभर चैन पडत नाही. का, ते सांगतो.

माझे बालपण मालवणला मामांच्या घरी गेले. मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले समुद्रकाठचे गाव. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी तो 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर बांधून घेतला. चारही बाजूंना खारे पाणी आहे, पण किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. त्या तिघींची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी आहेत. समुद्राकाठच्या माणसाला गोड्या पाण्याची किती किंमत वाटते, ते या नावांवरूनच कळते. मला मात्र ती किंमत कळायला एक जीप बंद पडावी लागली.

ही 1994 सालची गोष्ट आहे. मी नववीत होतो. मामांनी कर्ज काढून एक जुनी जीप घेतली होती. ते भाड्याने प्रवासी नेत. घर त्यावरच चालत असे. जीप धुणे आणि रोज सकाळी रेडिएटरमध्ये लोटाभर पाणी घालणे ही कामे माझ्याकडे होती.

घरामागे एक विहीर होती. उन्हाळा जवळ आला की तिचे पाणी खारट होई. मग ते फक्त भांडी घासायला वापरत. पिण्याचे पाणी डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीवरून आणावे लागे. मामांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "झिला, गाडीलासुद्धा तेच गोडे पाणी घालायचे." आमच्याकडे मुलाला लाडाने झिला म्हणतात.

काही दिवस मी मामांचे ऐकले. मग कंटाळा आला. एवढ्या लांबून कळशी कोण आणणार? गाडीला कुठे चव कळते? मी मागच्या विहिरीतले पाणी घालू लागलो. मामा कधी कधी विचारत, "पाणी डोंगराकडचेच ना?" मी मान हलवून "हो" म्हणत असे.

मे महिन्यात शेजारच्या आजींना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बेळगावला न्यायचे होते. तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही बरोबर निघालो. सावंतवाडी मागे पडली. दाणोली गेले आणि आंबोलीचा घाट सुरू झाला. जीप पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत चढू लागली. थोड्या वेळाने तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला. मामांनी तो पाहिला, पण ते म्हणाले, "एवढा चढ संपला की थांबू."

तो चढ संपलाच नाही. एका वळणावर जोराचा आवाज झाला आणि बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. गाडी थांबली. मी उडी मारून पुढे धावलो आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. मामांनी मला मागे खेचले. इतक्या जोराने की मी रस्त्यावर पडलो. ते ओरडले, "हात भाजून घ्यायचा आहे का?"

अर्ध्या तासाने एक लाल एस.टी. आली. कंडक्टरने आजींना बसायला जागा करून दिली. जाताना आजी भाड्याचे पैसे देऊ लागल्या. मामांनी ते घेतले नाहीत. एस.टी. वळणाआड गेली, तरी ते रस्त्याकडे पाहतच उभे होते. संध्याकाळी एका ट्रकने आमची जीप ओढून सावंतवाडीच्या गॅरेजमध्ये आणली.

तिथल्या मेस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली. काळे तेल दुधाच्या चहासारखे दिसत होते. "तेलात पाणी गेले आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन उघडले आणि मला एकेक भाग दाखवला.

मुलांनो, इंजिनात इंधन जळते, तेव्हा आतले तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम तर 660 अंशांवरच वितळते आणि लोखंड 1538 अंशांवर. मग इंजिन वितळत का नाही? कारण त्याच्या भोवती पाणी फिरत असते. इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता हे पाणी घेऊन जाते. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते, तिथे वाऱ्याने थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे येते. घाटात इंजिन जोरात चालते, पण गाडी हळू जाते. त्यामुळे उष्णता वाढते आणि वारा कमी लागतो.

हे फिरणे थांबले की नुकसान सुरू होते. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे सिलिंडर हेड, तापून वाकतो. त्याच्या खालचे गॅस्केट जळते. मग पाणी तेलात मिसळते आणि तेलाचा चिकटपणा जातो. पिस्टन फुगून सिलिंडरला घासतो. तरीही गाडी चालवत राहिलो, तर पिस्टन अडकून बसतो आणि इंजिन कायमचे जाम होते. आमच्या जीपचे हेड वाकले होते आणि गॅस्केट जळले होते. पिस्टन मात्र थोडक्यात वाचले होते.

मग उस्तादांनी रेडिएटर कापून उघडला. नळ्यांत गंज आणि पांढरट थर घट्ट बसला होता. त्यांनी तो नखाने खरवडला.

"शिरोड्याची मिठागरे पाहिली आहेस का?" त्यांनी मला विचारले.

मी पाहिली होती. 1930 साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, हेही मला ठाऊक होते.

"तिथे उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. तुमच्या रेडिएटरमध्येही तसेच झाले आहे. हे पाणी कुठले घालत होता?"

मामा म्हणाले, "गोडे पाणी, उस्ताद. हा पोरगा रोज डोंगराकडून आणतो."

माझ्या कानशिलांत गरम वाफ शिरल्यासारखे झाले. उस्ताद माझ्याकडे पाहत होते. त्यांना सगळे कळले होते, पण ते काही बोलले नाहीत. मी खाली मान घातली आणि म्हणालो, "मामा, मी घरामागच्या विहिरीचे पाणी घालत होतो."

मामा बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "आणि मी काटा बघूनही गाडी थांबवली नाही."

जीप तीन आठवडे गॅरेजमध्ये राहिली. मे महिना म्हणजे कमाईचा महिना. तो तसाच गेला. मामीच्या बांगड्या गहाण पडल्या. त्या सुट्टीत मी रोज गॅरेजमध्ये जाऊन रॉकेलने नटबोल्ट धूत होतो. बांगड्यांची भरपाई त्याने होणार नव्हती, हे मला माहीत होते.

पुढे मी मोटारींविषयी पुष्कळ वाचले. 1888 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन मोटारीने सुमारे 100 किलोमीटर गेल्या. मोटारीने इतक्या लांब त्यापूर्वी कोणीच गेले नव्हते. ती गाडी त्यांचे पती कार्ल बेंझ यांनी बनवली होती. तिच्यातले पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा भरावे लागे. थोरला मुलगा पंधरा वर्षांचा होता, म्हणजे माझ्याएवढाच. ते वाचताना मला माझी कळशी आठवली.

आता गाड्यांत साध्या पाण्याऐवजी कूलंट घालतात. तो लवकर उकळत नाही आणि गंज लागू देत नाही. तरी काही गोष्टी तुम्ही लक्षात ठेवा. काटा लाल पट्टीकडे गेला की गाडी ताबडतोब कडेला घेऊन इंजिन बंद करावे. गरम असताना झाकण उघडू नये, कारण आत दाबलेले पाणी एकदम उसळून अंगावर येते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. धातूला तडा जातो. तुमच्या घरी गाडी नसेल, तरी रिक्षात किंवा जीपमध्ये तुम्ही बसताच. काटा दिसला तर ड्रायव्हरला सांगायला संकोच करू नका.

जीप घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मामांनी मला उठवले. मला वाटले, आता ते हे काम माझ्याकडून काढून घेणार. त्यांच्या हातात दोन कळश्या होत्या. त्यांतली एक त्यांनी माझ्यापुढे धरली.

"चल झिला," ते म्हणाले, "डोंगराकडे जाऊन येऊ."

वाटेत त्यांनी मला पाण्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. त्यानंतरही कधी विचारला नाही. मुलांनो, खरे सांगतो, त्या दिवसापासून ती कळशी मला कधी जड वाटली नाही.