करीम हजामाचं खरं नाव

जावेद खान अमरोही म्हटलं तर बहुतेकांना चटकन आठवत नाही. 'नुक्कड'मधला करीम हजाम म्हटलं, की चेहरा लगेच डोळ्यासमोर येतो. चरित्र अभिनेत्यांच्या नशिबी बहुधा हेच असतं.

१९८६ साली दूरदर्शनवर 'नुक्कड' सुरू झाली. सईद मिर्झा आणि कुंदन शाह तिचे दिग्दर्शक. साकीनाक्याला आमच्या चाळीत तेव्हा मोजकेच टीव्ही होते. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग. खैरानी रोडच्या कारखान्यांतून सुटलेली माणसं तशीच येऊन बसायची. पडद्यावर वायरमन गुरू, सायकलवाला हरी, हॉटेलवाले कादरभाई, दारुडा खोपडी. हे सगळे आमच्या नाक्यावरही होतेच, फक्त नावं वेगळी.

सिनेमातला मुसलमान तोवर आम्ही पाहिला होता तो शेरवानीतला नवाब, शेर म्हणणारा शायर, नाहीतर नायकासाठी जीव देणारा दोस्त. करीम यातला कुणीच नव्हता. तो न्हावी होता आणि नाक्यावरचा एक होता. आपण चांगले आहोत, हे त्याला कुणापुढे सिद्ध करावं लागत नव्हतं. अब्बांना तो का आवडायचा, हे मला फार उशिरा कळलं. १९९२-९३च्या दंगलींनंतर माणसं आपापल्या वस्त्यांत सरकली, तेव्हा.

जावेद खान पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. 'अंदाज अपना अपना'तला आनंद अकेला त्यांचाच. २००१च्या 'लगान'मध्ये ते राम सिंग होते. भूमिका लहान असो वा मोठी, माणूस खरा वाटायचा. पोस्टरवर मात्र त्यांना जागा नव्हती.

१४ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांचा इंतकाल झाला. महिनाभरात, १५ मार्चला, खोपडी साकारणारे समीर खक्कर गेले.

साकीनाक्यावरून आता मेट्रो धावते. खाली गल्ल्यांत सलून आहेत, प्रत्येकात भिंतीवर टीव्ही. कारागीर मान खाली घालून कात्री चालवत असतो आणि वर बातम्यांत मुसलमानांवर चर्चा रंगलेली असते. त्या चर्चेत तो कुठेच नसतो. एके काळी त्याच्यासारख्याला एका अभिनेत्याने घराघरांत नेऊन बसवलं होतं, आणि कुणाच्या घरी तो परका वाटला नव्हता.

अल्लाह मरहूम जावेद खान यांची मगफिरत करो.